माळ्यावर सापडलेलं बिननावाचं मँडोलिन: कुणाचं, कुठलं, कधीचं?

अर्धवट_वादक:

नमस्कार मंडळी. आत्याच्या घराचा माळा रिकामा करायचं काम माझ्यावर आलं. घरात सगळ्यात उंच मी, एवढंच कारण. बाकी कर्तृत्व काही नाही. तुटका टेबलफॅन, बुडं गेलेल्या तीन बादल्या, कुणाचीतरी कुबडी आणि त्या सगळ्याच्या मागे गादीच्या खोळीत गुंडाळलेलं काहीतरी. उचललं तर आत खुळखुळलं. खोळ काढली तर मँडोलिन.

आत्याला विचारलं, हे कुणाचं? "ते होय? ते तिथेच असतं." संपलं. ती त्या घरात राहायला आली तेव्हाही ते माळ्यावरच होतं म्हणे. कुणी ते वाजवताना कुणी पाहिलेलं नाही.

आता वर्णन. पाठ गोल, अर्ध्या भोपळ्यासारखी, गडद तपकिरी पट्ट्या एकाला एक जोडून केलेली. पट्ट्या मोजल्या, १७ आहेत. (पहिल्यांदा १६ आल्या, मग खडूने खुणा करत मोजल्या.) तबली (पुढची फळी) कधीकाळी फिकी असावी, आता कोऱ्या चहासारखी दिसते. अंडाकृती भोक. भोकाखाली काळसर पत्रीसारखं काहीतरी लाकडात बसवलंय आणि त्यात शिंपल्याचं फुलपाखरू. फुलपाखराला एकच पंख. दुसऱ्याच्या जागी नुसता खळगा. आठ खुंट्या, चार-चारच्या दोन पितळी पट्ट्यांवर. मान दहाव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) पोटाला मिळते.

नाव कुठेच नाही. माथ्यावर नाही, मागे नाही, आत नाही. फक्त आत, भोकाच्या बरोबर खाली, काडेपेटीएवढा एक चौकोन बाकीच्यापेक्षा फिका दिसतो. कागद चिकटवलेला होता आणि गळून गेला, असं काहीतरी.

आणखी एक. तबली सरळ नाही. घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या) आसपास तिला आडवी घडी आहे आणि तिथून शेपटीकडे ती उतरत जाते, कौलारू छपरासारखी. हे मुळातच असं असतं की बसलंय?

विचारायचं कारण असं की भाच्याने परवा उत्साहाने नव्या तारा आणून चढवल्या, सुरात लावल्या. आवाज ऐकून मी खूश. रात्री तसंच ठेवलं. सकाळी सगळं बेसूर, आणि घोडीखालची तबली मला जरा दबल्यासारखी वाटतेय. किंवा मनाचे खेळ असतील.

कुणी बनवलं, कुठे, कधी, यातलं काही कळू शकेल का?

तरफ:

तारा उतरवा. वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

एका बाजूच्या सगळ्या एकदम सोडू नका. सगळ्या जोड्या थोड्या थोड्या ढिल्या करत या. मग पाकीट शोधा आणि त्यावरचे तारांच्या जाडीचे आकडे (इंचांतले) सांगा. ०.०११ ते ०.०४० असेल तर भाच्याचा कान धरा. त्या तारा कोरीव, कमानदार तबलीच्या मजबूत मँडोलिनसाठी असतात. आठ तारांची मिळून ओढ ८० किलोच्या घरात जाते. तुमची तबली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असणार आणि तिच्याखाली दोन-तीन काड्यांचा आधार. गोल पाठीच्या जुन्या वाद्याला सगळ्यात बारीक संच लागतो, ०.००९ पासून सुरू होणारा.

घडी मुळातलीच आहे, घाबरू नका. गोल पाठीच्या मँडोलिनला ती असतेच. फक्त घडीची कड सरळ हवी. स्टीलची पट्टी आडवी ठेवून खालून उजेड येतो का बघा.

जुनाट:

अहो, फुलपाखरू! शिंपला! हे थेट इटलीतल्या नेपल्सचं आहे हो. विनाचिया घराण्याचं काम असू शकतं. जपून ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका. सोनं लागलंय हाताला!

लाकूडतोड्या:

जुनाटराव, तुमच्या तोंडात साखर पडो. पण फुलपाखरावरून गाव ओळखणं म्हणजे बटणावरून शिंपी ओळखणं. असे नक्षीचे तुकडे कापून तयार मिळायचे, डझनाच्या हिशोबात, आणि सगळेच कारखाने ते विकत घ्यायचे.

माझं काम लाकडाचं. वाद्यं दुरुस्तीला येतात, त्यातली बरीचशी अशीच अनाथ असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८८० मध्ये स्पॅनिश विद्यार्थ्यांचा एक वादक ताफा न्यूयॉर्कला गेला आणि त्यांनी धमाल उडवली. गंमत अशी की ते मँडोलिन वाजवतच नव्हते, त्यांच्या हातात बांदुरिया होती, मँडोलिनसारखंच दिसणारं स्पॅनिश तारवाद्य. पण ते वेड तिकडे मँडोलिनच्या नावावर जमा झालं आणि पुढची तीसेक वर्षं घरोघरी मँडोलिन. एवढी मागणी पुरवायला नेपल्सचे विनाचिया, कालाचे किंवा रोमचा एम्बर्गर पुरणार होते थोडेच? ही मंडळी मोजकी आणि उत्तम वाद्यं करायची आणि आत स्वतःची चिठ्ठी लावायची. बाजार भरला तो दुसऱ्यांनी. सिसिलीतलं कातानिया, जर्मनीत सॅक्सनीमधलं मार्कनोयकिर्शेन, त्याला लागून सीमेपलीकडचं शॉनबाख (आता चेकियातलं लुबी) आणि अमेरिकेत शिकागो. तिथून जो माल निघाला त्यातल्या कितीतरी वाद्यांवर बनवणाऱ्याचं नाव नसायचंच. विकणारा स्वतःची चिठ्ठी लावायचा, नाहीतर तेही नाही.

मार्कनोयकिर्शेनची तर रीतच वेगळी होती. एका घरात पोटं व्हायची, दुसऱ्या घरात माना, तिसरीकडे खुंट्या, चौथीकडे तारा. व्यापारी सगळं गोळा करायचा, जोडून घ्यायचा, पेटीत भरून रवाना करायचा. निर्यात एवढी की अमेरिकेने त्या चिमुकल्या गावात आपली वाणिज्य वकिलात उघडली होती. आता अशा वाद्याचा 'बनवणारा' कोण म्हणायचा? तुमच्या मँडोलिनचं नाव हरवलंय असं धरून शोधू नका. बहुधा ते ठेवलंच नव्हतं. गाव आणि दोन-तीन दशकांची मुदत, एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं.

ते कसं मिळवायचं सांगतो. खुंट्यांच्या पट्ट्यांचे स्क्रू बघा. एक खाच आहे की फुली? फुलीच्या म्हणजे स्टार स्क्रूचं पेटंट अमेरिकेत १९३६ चं आहे, त्यामुळे फुली दिसली की एक तर वाद्य त्यानंतरचं किंवा खुंट्या बदललेल्या. कुठलं ते ठरवायला एक पट्टी सोडवून खाली जुनी भोकं आहेत का बघा.

मग भोकाची कड. तबलीच्या रेषा वरून कडेत उतरून तशाच खाली जात असतील तर लाकूड अखंड. मध्येच आडवा थर दिसला तर प्लाय, मग ते पुढच्या काळातलं.

आणि पाठ आतून बघा. बाहेरून शिसवी वाटणारी पाठ आतून पांढुरकी असेल तर ते मेपलसारखं फिकं लाकूड रंगवून शिसवी केलेलं असतं. स्वस्त मालात हे सर्रास. चांगल्या कारागिराने आतली बाजूही नीट केलेली असते. व्यापारी मालात सरसाचे ओघळ तसेच वाळलेले दिसतात.

काळी पत्री बोटाने जोरजोरात घासून वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. गरम सुई टोचून बघा असं कुणी सांगेल, त्याचं ऐकू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं.

रे_ग_म:

लाकूडतोड्यादादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त वाजवणाऱ्याच्या बाजूने. मापं द्या. नटापासून (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंत किती आणि त्याची दुप्पट किती. गिब्सनच्या धर्तीची अमेरिकन मँडोलिन पावणेचौदा इंचांच्या जरा वर जातात, जुनी गोल पाठीची साधारण १३ इंचांवर, म्हणजे ३३ सेंटिमीटरच्या आसपास असतात. तसं गिब्सनचा संबंध इथे नाहीच. १९०२ मध्ये अमेरिकेत कॅलमझूला ती कंपनी सुरू झाली तीच मुळी व्हायोलिनसारखी कोरीव तबली आणि कोरीव पाठ घेऊन.

आतले फोटो काढायचे तर फोन भोकावर धरून भागत नाही. एक छोटा आरसा दोऱ्याने बांधून आत सोडा, बाजूने टॉर्च मारा, आणि तबलीची खालची बाजू आरशात बघा. लोक चिठ्ठीच्या जागी बघतात आणि सोडून देतात. लिहिलेलं असतं ते बहुतेक वर, तबलीच्या पोटात, पेन्सिलीने.

एक सावधगिरी. माझ्या पहिल्या मँडोलिनमध्ये सुंदर छापील चिठ्ठी होती. मी चार वर्षं त्या नावाचा शोध घेतला. मग कळलं की तो दुरुस्ती करणारा होता. चिठ्ठीवर त्या भाषेत 'दुरुस्त केले' असं लिहिलेलं होतं आणि मी ते आडनाव समजत होते.

अंधार करून नोटा तपासायचा जांभळा टॉर्चही फिरवून बघा. चपड्याचं (लाखेचं) जुनं पॉलिश त्याखाली नारिंगी चमकतं. मध्येच एखादा भाग तसा दिसला नाही तर तिथे नंतर कुणीतरी हात मारलाय.

अर्धवट_वादक:

तारा त्याच रात्री उतरवल्या. पाकिटावर ०.०११ ते ०.०४० च होतं. भाच्याचा कान धरायला गेलो तर तो म्हणाला, "तूच म्हणालास, जाड आण, टिकतात." म्हणालो होतो खरा.

शनिवारी दुपारी दार लावून बसलो. क्रमाने सांगतो.

भोकाची कड: रेषा सरळ खाली जातात, लाकूड अखंड.

स्क्रू: सगळे फुलीचे! म्हटलं, संपलं, हे काही फार जुनं नाही. पण लाकूडतोड्यांनी सांगितलं होतं म्हणून एक पट्टी सोडवली. खाली चार जुनी भोकं, नव्या स्क्रूंच्या जागेपासून गव्हाएवढी सरकलेली, आणि त्यांत आगकाड्या ठोकून वरून कापलेल्या. एका काडीला अजून थोडा लाल गूल होता. ज्याने कुणी हे केलं त्याला घाई असणार.

काळी पत्री: घासली, वास घेतला. काही नाही. सदऱ्याने पुन्हा घासली, तापेपर्यंत. आणि मग एकदम लहानपणी कपाटात ठेवायचो त्या कापराच्या वडीचा वास.

मापं: नटाच्या लगेच पुढे एक जादा फ्रेट आहे, तारा त्याच्यावरून जातात. तिथून बाराव्यापर्यंत १६५ मिलिमीटर. म्हणजे ३३० बरोबर. आणि भाच्याने (बरं, आम्ही दोघांनी) घोडी ठेवली होती ती ३४२ वर, घडीच्या पलीकडे, उतारावर. फ्रेट पिवळे, पितळी.

जांभळा टॉर्च: सगळं अंग निखाऱ्यासारखं नारिंगी. फक्त मान आणि पोट जुळतं तिथे चार बोटांचा पट्टा मेलेला, निळसर.

आता आरसा. त्यात मला तबलीच्या काड्या दिसल्या, एका काडीचं टोक सुटलेलं दिसलं, आणि भोकाजवळच्या काडीवर पेन्सिलीने १४ हा आकडा. चारची वरची टोकं उघडी. मग सहज घोडी उलटी केली, तिच्या बुडालाही १४. त्याच हाताचा, तसाच उघडा चार.

पाठ आतून कागदाने मढवलेली आहे. पट्ट्यांच्या सांध्यांवर कागदाच्या लांब चिरफळ्या चिकटवल्यात. एका ठिकाणी कागद फाटलाय, तिथे लाकूड पांढुरकं. म्हणजे शिसवी नाहीच, रंगवलेलं. थोडं वाईट वाटलं.

पण कागद छापील आहे! वर्तमानपत्र असावं. सरसाने पिवळा पडलाय, पण अक्षरं दिसतात. आणि अक्षरं अशी की काटेरी कुंपण. उभ्या, काळ्या, टोकदार काड्या. आरशात उलटी दिसतात म्हणून फोटो काढून फिरवला. अर्धा तास बघून एकच शब्द लागला, 'उंड'. जर्मनमध्ये 'आणि' ना?

लाकूडतोड्या:

वा! ही लिपी फ्राक्तुर. आपल्याकडे जुन्या दप्तरात मोडी दिसली की कागद साधारण कुठल्या काळाचा ते कळतं, तसंच हिचं. जर्मन वर्तमानपत्रं, पुस्तकं बहुतेक तीतच छापली जायची. १९४१ मध्ये नाझी सरकारने फतवा काढून ती बंद केली.

आता सगळं एकत्र मांडून बघा. जर्मन रद्दी, रंगवलेला मेपल, सेल्युलॉइड, शून्य फ्रेट (म्हणजे नटापुढचा तो जादा फ्रेट; जर्मन कारागिरांना त्याची आवड होती, पण एकट्या त्यावरून मी काहीच म्हणालो नसतो), चपड्याचं पॉलिश. मार्कनोयकिर्शेन किंवा शेजारचं शॉनबाख. त्या दोघांत फरक करायला जाऊ नका. माणसं तीच, कामाची पद्धत तीच, मध्ये फक्त सीमा होती.

काळ? कागद आतल्या सांध्यांवर मुळातून लावलेला असेल तर १९४१ च्या आधीचं. नंतरच्या दुरुस्तीतही कुणी जुनी रद्दी वापरू शकतो, पण तुमच्या वर्णनात कागद सगळ्या सांध्यांवर सारखा आहे. दुरुस्तीवाला फक्त फुटलं तिथे लावतो. मी १९०० ते १९३५ म्हणेन. याहून नेमकं साल कुणी सांगितलं तर पुरावा मागा.

खुंट्या १९३६ नंतर कधीतरी बदलल्या. मान एकदा उखडून पुन्हा बसवली, तोच तो निळसर पट्टा. म्हणजे कुणीतरी हे वाद्य खूप वाजवलंय. न वाजवलेल्या मँडोलिनच्या खुंट्या कोण बदलतो?

पेन्सिलीचा १४ म्हणजे घाण्यातला क्रमांक. एका वेळी डझन-दोन डझन वाद्यं जोडायला घेतली की कुठली घोडी कुठल्या तबलीची हे विसरू नये म्हणून आकडा टाकतात. मीही टाकतो. त्याचा एक फायदा तुम्हाला झाला: घोडी मूळचीच आहे हे नक्की. ही घोडी सैल असते आणि जुन्या वाद्यांत सगळ्यात आधी तीच हरवते.

रे_ग_म:

एक शंका. १८९० च्या कायद्यानंतर अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं होतं ना? मग 'जर्मनी' असा शिक्का कुठेतरी हवा.

लाकूडतोड्या:

अमेरिकेला गेलं असेल तर. दुसरीकडे गेलेल्या मालाला तो कायदा लागू नव्हता. किंवा शिक्का त्या गळून गेलेल्या चिठ्ठीवरच असेल. शिक्का असला तर उपयोग होतो, नसला तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

जुनाट:

म्हणजे विनाचिया नाही?

लाकूडतोड्या:

नाही.

तरफ:

सुटलेल्या काडीकडे कुणी लक्ष देणार आहे का? तबली दबतेय ती त्यामुळे. बोटाच्या पेराने तबलीवर हलकेच टकटक करा, सुटलेल्या जागी आवाज फाटका येईल. ती चिकटवल्याशिवाय बारीक तारासुद्धा नकोत. आणि सरस वापरा, गरम केलेला. फर्निचरचा पांढरा गोंद नको. सरस उद्या कोमट पाण्याने सुटतो, म्हणून तर शंभर वर्षांनी ही वाद्यं पुन्हा उघडता येतात. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं पुढचा माणूस उघडताना तबलीच फोडतो.

अर्धवट_वादक:

काडी चिकटली. मी नाही केली, माझे हात त्या भोकात जातच नाहीत. भाच्याचे जातात. त्याने आतून काडी दाबून धरली, मी बाहेरून सूचना दिल्या, आणि मग आम्ही भोकातून एक पातळ लाकडी खपली तिरकी अडकवून रात्रभर टेकू दिला. सरसाचा वास घरभर. आत्या दोनदा विचारून गेली, काय मेलंय.

०.००९ चा संच चढवला. घोडी ३३० वर, जाड तारांकडे केसभर मागे. बारावा फ्रेट दाबला की वरचा षड्ज आता खरंच षड्ज लागतो. दोन दिवस झाले, पट्टी ठेवून बघितली, घडीची कड सरळ आहे. आवाज बारीक आहे, पण लांबपर्यंत ऐकू जातो. डीच्या जोडीतली एक तार सातव्या फ्रेटवर झणझणते, ते बघायचंय.

आणि एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी उचलल्यावर जे खुळखुळलं होतं ते काय, याचा मी विचारच केला नव्हता. काडीच असेल म्हटलं. पण काडी चिकटल्यावरही खुळखुळत होतं. शेवटी वाद्य उलटं करून दहा मिनिटं हलवत बसलो. भोकातून नखाएवढा शिंपल्याचा तुकडा पडला. फुलपाखराचा पंख. खळग्यात ठेवून बघितला, बरोबर बसतो.

सध्या काडेपेटीत ठेवलाय. हाही सरसानेच चिकटवायचा ना?

तरफ:

हो. तारा उतरवून.